पेशवाईचें कर्ज : दोष कोणाचा?

मार्च १७३७ मध्यें पहिल्या बाजीराव पेशव्याचे स्वार दिल्लीच्या वेशीपाशीं जाऊन उभे राहिले. मोंगलांच्या राजधानींत घबराट उडाली, आणि दक्षिणेंतल्या एका प्रधानाचें नांव सर्व हिंदुस्थानांत गाजूं लागलें. याच पुरुषानें धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेलीं पत्रें आज छापील स्वरूपांत उपलब्ध आहेत. त्या पत्रांत विजयाच्या वार्तेबरोबरच सावकारांच्या तगाद्याचें गाऱ्हाणें पुनःपुन्हां येतें. सावकारांच्या मिनतवाऱ्या करतां करतां जीव मेटाकुटीस आला, असा त्यांचा सूर आहे. ज्याच्या घोड्यांच्या टापा ऐकून सुभेदार तहाची बोलणीं लावीत, तो घरीं परतला कीं देण्यांच्या काळजीनें झोपत नसे, असें चित्र त्यांतून उभें राहतें.

ही गोष्ट एकट्या बाजीरावाची असती, तर ती त्याच्या सढळ हाताची कथा म्हणून सोडून देतां आली असती. परंतु बाजीरावामागून नानासाहेब आला, त्याच्यामागून माधवराव आला, आणि कर्ज मात्र गादीबरोबर वारशानें चालत राहिलें. मुलूख वाढला, चौथाईचा हक्क नर्मदेपलीकडे गेला, अटकेपर्यंत घोडे दौडले. आणि तरीही पुण्याच्या खजिन्यांत खर्चापुरता पैसा वेळेवर नसे. आजच्या भाषेंत ज्याला सरकारच्या अंदाजपत्रकांतली तूट म्हणतात, तिचा हा मराठी अवतार होय. या तुटीचा दोष कोणाचा?

या प्रश्नाचीं ठराविक उत्तरें महाराष्ट्रांत पुष्कळ दिवस चालत आलीं आहेत. कोणी म्हणतो, राघोबादादानें दौलत बुडविली. कोणी दक्षिणेच्या रमण्याकडे आणि ब्राह्मणभोजनांकडे बोट दाखवितो. कोणी सावकारांच्या व्याजाला दोष देतो. कोणी हिशेब न देणाऱ्या सरदारांना. तर कोणी सर्व भार पानिपतावर टाकून मोकळा होतो. यांतलें प्रत्येक उत्तर थोडेंफार खरें आहे. पण प्रत्येक उत्तराची एक सोय अशी, कीं तें एकाला आरोपी करतें आणि बाकीच्या सर्वांना निर्दोष सोडतें. न्याय करावयाचा तर हिशेब मुळापासून पाहिला पाहिजे.

शिवछत्रपतींची व्यवस्था निराळी होती. कृष्णाजी अनंत सभासदानें १६९७ मध्यें लिहिलेल्या बखरींत सांगितलें आहे, कीं महाराजांनीं लष्कराला गांव मोकाशानें तोडून दिले नाहींत. पगार सरकारांतून, रोख अगर वसुलावरील वरातांनीं, दिला जाई. यांतलें मर्म उघड आहे. ज्याच्या हातून पगार मिळतो त्याचा हुकूम चालतो. वसूल एका ठिकाणीं जमा झाला आणि खर्च एका ठिकाणाहून झाला, म्हणजे राज्याची ऐपत किती आणि पसारा किती, हें राजाला ठाऊक असतें.

ही घडी मोडली ती कोणाच्या चैनीसाठीं नव्हे. १६८९ मध्यें संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीस गेले. मोंगलांची अफाट फौज महाराष्ट्रांत पसरलेली, खजिना रिकामा, आणि देशमुखांना औरंगजेबाकडून वतनांचीं आमिषें दाखविलीं जात असलेलीं. अशा वेळीं राजाराम महाराजांनीं आणि त्यांच्या कारभाऱ्यांनीं एकच गोष्ट दिली, कारण देण्यासारखी तेवढीच त्यांच्यापाशीं होती. ती म्हणजे कागद. जो जेवढा मुलूख मोंगलांकडून सोडवील, तेवढ्याची सनद त्याला. त्या कागदांनीं राज्य वांचलें, हें विसरतां येत नाहीं. पण संकटकाळीं काढलेला हा तोडगा संकट टळल्यावर मागें घेतला गेला नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे. सरंजाम मिळालेला सरदार तो परत करीत नाहीं, आणि ज्याला त्याच्या मदतीची अजून गरज आहे त्याला तो परत मागण्याचें धैर्य होत नाहीं. रामचंद्रपंत अमात्यानें आपल्या आज्ञापत्रांत वतनदार हे राज्याचे लहान लहान दायादच असतात, असा इशारा दिला आहे. तो इशारा देणाऱ्यानेंच त्या बिकट काळांत कारभार केला होता, म्हणून त्या शब्दांना वजन आहे.

यानंतर १७१९ सालच्या सनदा आल्या. बाळाजी विश्वनाथानें दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मिळवून आणली. त्या बदल्यांत शाहू महाराजांनीं १५,००० स्वारांनिशीं बादशाही चाकरी करावी, आणि स्वराज्याबद्दल १० लक्ष रुपये पेशकश द्यावी, असें ठरलें. सहा सुभ्यांचा कागदोपत्रीं आकार सुमारे १८ कोटी रुपये. त्याच्या दहाव्या हिश्शाची सरदेशमुखी म्हणजे सुमारे १ कोटी ८० लक्ष. आंकडा डोळे दिपविणारा आहे. पण हा आकार जुन्या आकारणीचा होता. पंचवीस वर्षांच्या युद्धानें उजाड झालेल्या गांवांतून तेवढा वसूल येणें शक्य नव्हतें, हें घेणाऱ्यालाही ठाऊक होतें आणि देणाऱ्यालाही. मग हक्क एवढा फुगवून कां मागितला? ग्रांट डफ याचें कारण असें देतो, कीं कधींही पुरी न होणारी मागणी हातीं असली म्हणजे बाकीच्या नांवानें केव्हांही हात घालण्यास जागा राहते. राजकारणाच्या दृष्टीनें ही चतुराई होती. जमाखर्चाच्या दृष्टीनें मात्र येथेंच एक खोट शिरली. जी रक्कम येणार नाहीं ती जमेच्या बाजूस लिहिली गेली, आणि तिच्या भरंवशावर उभी केलेली फौज मात्र खरीखुरी होती. तिच्या घोड्यांना दाणा रोज लागे.

आलेल्या पैशाची वांटणी कशी होत असे, हेंही पाहण्यासारखें आहे. चौथाईचे शंभर रुपये जमले असें धरलें, तर त्यांतले २५ राजबाबती म्हणून छत्रपतींचे. उरलेले ७५ म्हणजे मोकासा. पण त्यांतूनही ६ साहोत्रा म्हणून पंतसचिवांकडे जात, आणि ३ नाडगौंडा म्हणून छत्रपतींच्या मर्जीनें कोणास तरी दिले जात. बाकीचे ६६ सरदारांकडे, त्यांनीं फौज बाळगावी म्हणून. म्हणजे शंभरांतले सहासष्ट रुपये मध्यवर्ती खजिन्याला केवळ हिशेबांत दिसावयाचे, हातांत यावयाचे नाहींत. शिवाय एकाच प्रांतांत निरनिराळ्या सरदारांचे अंमल मुद्दाम मिसळून ठेवले होते, म्हणजे वसूल वाढविण्यांत सर्वांचाच हितसंबंध राहावा. हेतु एकीचा होता. फळ मात्र असें आलें, कीं एकाच गांवीं चार कमावीसदार, चार चोपड्या, आणि त्यांची बेरीज करणारा कोणीच नाहीं.

या व्यवस्थेंत बाजीराव पेशवा झाला. मोठ्या मोहिमेचा खर्च आधीं करावा लागे आणि खंडणी मागाहून येई. ती येईपर्यंतचें अंतर सावकार भरून काढी. १७३८ च्या आरंभीं भोपाळ येथें निजामाची कोंडी झाली, तेव्हां लढाईच्या खर्चाबद्दल ५० लक्ष रुपये बादशहाकडून मिळवून देण्याचा प्रयत्न करीन, असें त्यानें लिहून दिलें. हा प्रयत्न फळास येण्यापूर्वीच मार्च १७३९ मध्यें नादिरशहानें दिल्ली लुटली, आणि ज्याच्याकडून पन्नास लक्ष यावयाचे तो ऋणकोच नागवला गेला. विजय खरा होता. त्याची किंमत मात्र दुसऱ्याच्या वचनावर लिहिलेली होती. सावकाराला वचन चालत नाहीं; त्याला मुदतीस मुद्दल आणि व्याज लागतें.

१७४० मध्यें बाजीराव वारला, तेव्हां या देण्यांचें राजकारण झालें. बारामतीचे बाबूजी नाईक जोशी हे पेशव्यांचे सावकार, आणि आप्तही. बाजीरावाची बहीण भिऊबाई त्यांच्या भावाला दिलेली होती. रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्यानें बाबूजी नाईक स्वतःच पेशवाईसाठीं पुढें आले, आणि नानासाहेबाला अडविण्यासाठीं त्यांनीं आपल्या येण्याचा तगादा लावला. महादजीपंत पुरंदऱ्यांनीं मध्यें पडून तें देणें वारलें, म्हणून प्रसंग निभावला. राज्याचें सर्वोच्च पद एका घराण्याच्या खासगी कर्जाच्या दोरीला लोंबकळत राहावें, यांत त्या व्यवस्थेचें सारें वैगुण्य दिसतें. राज्याचें कर्ज आणि पेशव्यांच्या घरचें कर्ज, यांत भेदच नव्हता.

मग दोष सावकारांचा म्हणावयाचा काय? न्यायमूर्ति रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशींच्या प्रस्तावनेंत या विषयाचे आंकडे दिले आहेत. १७४० ते १७६० या वीस वर्षांत सुमारे दीड कोटी रुपये कर्जाऊ काढल्याचें त्यांस आढळलें. व्याजाचा दर साल दरशेंकडा १२ पासून १८ पर्यंत होता. दर जड होता हें खरें. पण माधवरावाच्या काळीं कारभार सुधारला तशी सरकारची पतही सुधारली, असें तेच रानडे सांगतात. यावरून व्याज हें धन्याच्या भरंवशाचें माप होतें, हें दिसून येतें. ज्या धन्याला आज वरात द्यावी आणि उद्यां त्याच महालावर दुसऱ्याची वरात काढावी लागते, त्याला कोणता सावकार स्वस्त पैसा देईल? बारामतीकर जोशी, वाईचे रास्ते, दीक्षित-पटवर्धन यांच्या पेढ्या नसत्या, तर कित्येक मोहिमा दसऱ्याला बाहेर पडल्याच नसत्या. सावकारानें फायदा केला. पण तूट त्यानें निर्माण केली नाहीं. तो फक्त तिच्यावर जगला.

नानासाहेबाच्या काळीं हुजूर दप्तराला शिस्त लागली. दर महालाचा बेहेडा म्हणजे जमाखर्चाचा आगाऊ अंदाज तयार होई, आणि सदाशिवरावभाऊंसारखा हिशेबांत कडक पुरुष कारभारावर होता. अशा दक्ष कारभारांतच कर्ज वाढावें, याचें कारण दप्तराबाहेर शोधलें पाहिजे. १७५२ मध्यें उत्तरेंत जो करार झाला, त्यांत अबदालीपासून बादशाहीचें रक्षण करण्याचें काम मराठ्यांनीं पतकरलें, आणि त्याबद्दल ५० लक्ष रुपये कबूल झाले. पैसे पुरते कधीं हातीं आले नाहींत; जोखीम मात्र कायमची अंगावर आली. येणें बुडालें आणि देणें राहिलें, असा हा सौदा होता, आणि त्याचा शेवट नऊ वर्षांनीं पानिपतावर झाला.

याच सौद्याच्या ओघांत राघोबादादाची स्वारी येते. १७५८ च्या एप्रिलांत तो लाहोरांत शिरला, मराठी घोडीं अटकेपर्यंत गेलीं, आणि अटकेपार झेंडा लावणें हा शब्दप्रयोग मराठी भाषेला कायमचा मिळाला. परंतु स्वारीहून परत आला तो खंडणी घेऊन नव्हे, तर सुमारे ८० लक्ष रुपयांचें कर्ज घेऊन, असें ग्रांट डफ लिहितो. सदाशिवरावभाऊंनीं हिशेबावरून नापसंती दाखविली. त्यावर, पुढच्या स्वारीस तुम्हीच जा, असें उत्तर दादाकडून आलें, असेंही तो नमूद करतो. रानड्यांचा दीड कोटीचा आंकडा आणि हा ८० लक्षांचा आंकडा निराळ्या साधनांतले आहेत. त्यांची काटेकोर तुलना करतां येत नाहीं. तरी एका स्वारीचें देणें वीस वर्षांच्या नोंदलेल्या कर्जाच्या निम्म्याच्या वर भरतें, हें पाहून सारा दोष दादाच्या माथीं मारावासा वाटला तर नवल नाहीं.

दादा हिशेबाचा माणूस नव्हता, हें त्याच्या चरित्रावरून सिद्ध आहे. तरी त्याच्या बाजूनेंही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंजाब हा त्या वेळीं वारंवार लुटला गेलेला मुलूख होता. तेथें नवा अंमल बसवून पहिल्याच वर्षीं खंडणी पुण्यास धाडावी, ही अपेक्षाच मुळांत चुकीची होती. जिंकणें आणि वसूल करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला महिने लागतात, दुसरीला वर्षें. ती वर्षें पुणें दरबारला परवडत नव्हतीं, कारण मागचें कर्ज पुढच्या स्वारीच्या खंडणीवर आधींच लिहिलेलें असे. नानासाहेबानें उत्तरेच्या सरदारांस धाडलेल्या पत्रांतही कर्जफेडीचा धोशा आहे. येथें दोष दादाच्या उधळेपणाचा जेवढा, तेवढाच त्या दरबारी समजुतीचा, कीं दूरची स्वारी हा जवळच्या कर्जावरचा उपाय आहे.

त्या समजुतीची शेवटची परीक्षा १७६० मध्यें झाली. फेब्रुवारींत उदगीर येथें निजामाकडून सुमारे ६० लक्षांचा मुलूख मिळाला. पण मुलूख मिळणें म्हणजे त्याच वर्षीं रोकड मिळणें नव्हे. भाऊंची फौज उत्तरेस गेली, ती खर्चाची सोय उत्तरेंतच लागेल या भरंवशानें. अंतर्वेदींतून पैसा आणि रसद पाठविण्याचें काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होतें. डिसेंबरांत ते मारले गेले. त्यापूर्वीच दिल्लीच्या दिवाण-इ-खासचें रुपेरी छत काढून त्याचे रुपये पाडण्याची पाळी भाऊंवर आली होती. ज्या कारभाऱ्यानें दादाचा हिशेब तपासला, त्याच्यावरच बादशाही महालाचें छत वितळविण्याचा प्रसंग यावा, ही नियतीची थट्टा खरी. पण तिच्यांत एक निवाडाही आहे. हिशेबांत कडक असणाऱ्यालाही ती व्यवस्था तारूं शकली नाहीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं जी फौज रणांत उतरली, ती उपाशी होती. तेव्हां पानिपतानें कर्ज निर्माण केलें, हें अर्धेंच सत्य आहे. कर्जानेंही पानिपत घडविण्यास हातभार लावला.

त्याच वर्षीं जूनमध्यें नानासाहेब वारला, आणि सोळा वर्षांचा माधवराव मसनदीवर बसला. घरांत चुलत्याशीं भांडण, दाराशीं निजाम, दक्षिणेस हैदर, आणि मागें देण्यांची रांग. तरीही या मुलानें अकरा वर्षांत जें केलें, त्यावरून दोषाच्या प्रश्नाचें एक महत्त्वाचें उत्तर मिळतें. त्यानें अंमलदारांची वेठ-बिगार बंद पाडली, मामलेदारांचे हिशेब स्वतः पाहिले, रयतेची दाद घेतली, आणि दर सालच्या तुटीला आळा घातला. तरीसुद्धां नोव्हेंबर १७७२ मध्यें थेऊर येथें तो वारला, तेव्हां २४ लक्षांचें कर्ज शिल्लक होतें. मृत्युपूर्वी लिहविलेल्या नऊ कलमांच्या यादींत हें कर्ज फेडावें, हें एक कलम आहे. सत्ताविसाव्या वर्षीं क्षयानें मरणाऱ्या राज्यकर्त्याला शेवटच्या घटकेस सावकारांची आठवण व्हावी, ही गोष्ट करुण आहे, पण उदात्तही आहे. आजोबा देण्यांची तक्रार करीत होता. नातवानें तें देणें कर्तव्य म्हणून लिहून ठेवलें. व्यवस्था वाईट असली तरी माणसाला कांहींच करतां येत नाहीं, हें म्हणणें माधवरावानें खोटें ठरविलें. त्यामुळें त्याच्या आधींच्यांना आणि मागाहूनच्यांना केवळ व्यवस्थेच्या आड लपण्याची सोय राहिली नाहीं.

थकलेला पगार म्हणजे नुसता आंकडा नव्हे, हें पुढल्याच वर्षीं दिसलें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारदी शनिवारवाड्यांत शिरले, ते चढलेल्या पगाराचा ओरडा करीत. कट निराळा होता, हें सर्वांस ठाऊक आहे. पण पगार थकणें ही इतकी नित्याची गोष्ट झाली होती, कीं तिच्या निमित्तानें हत्यारबंद माणसें पेशव्याच्या वाड्यांत घुसलीं, आणि नारायणरावाचा खून झाला.

नाना फडणीसानें उरलेली घडी पंचवीस वर्षें जपली. त्याच्या कारभारांत कर्ज थोडें, सुमारे ८ लक्षांचें, असें रानडे सांगतात. महालांतले दरकदार म्हणजे दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस वगैरे हुजुरांतून नेमलेले असत, आणि मामलेदाराला त्यांना काढतां येत नसे. त्यामुळें एकाच्या चोपडीवर दुसऱ्याचा डोळा राही. पण ही शिस्त पुण्याच्या ताब्यांतल्या महालांपुरती होती. १७९२ मध्यें महादजी शिंदे पुण्यास आले, तेव्हां उत्तरेच्या मोहिमांचा खर्च सरकारांतून मिळावा, असें त्यांचें म्हणणें. आणि जिंकलेल्या प्रांतांच्या वसुलाचा हिशेब आधीं दाखवा, असें नानांचें म्हणणें. दोघेही कर्तबगार, दोघेही आपापल्या परीनें खरे. एकाच राज्याचे दोन खांब एकमेकांकडे बाकी मागत होते, आणि कोणाकडे किती निघते हें ठरविणारें एकही दप्तर साऱ्या राज्यांत नव्हतें. दोषाच्या शोधांत याहून बोलका प्रसंग सांपडणार नाहीं.

१७९५ मध्यें खर्ड्याच्या विजयानंतर निजामानें सुमारे ३ कोटी रुपये कबूल केले. पुन्हां तीच गोष्ट. कबुली मोठी, रोकड थोडी. त्याच वर्षीं सवाई माधवराव वारला, आणि मसनदीच्या भांडणांत दुसऱ्या बाजीरावानें दौलतराव शिंद्याला दोन कोटी रुपये देण्याचें वचन दिलें. ते जवळ नव्हतेच. १७९८ मध्यें शिंद्याच्या फौजेचा पगार भागविण्यासाठीं सर्जेराव घाटग्यानें पुण्यांतल्या सधन माणसांस धरून, छळून पैसा काढला. पिढ्यानपिढ्या ज्यांच्या पेढ्यांवर राज्याची पत उभी होती, त्यांनाच राज्याच्या नांवानें लुटलें गेलें. त्या दिवसांत पुण्याची पत गेली, आणि पत गेल्यावर जें उरतें तें केवळ बळ. बळही उसनें आणावें लागलें. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानें इंग्रजांची तैनाती फौज आली, आणि तिच्या खर्चासाठीं २६ लक्षांचा मुलूख तोडून दिला गेला.

आतां या कहाणींतला सर्वांत चमत्कारिक भाग येतो. दुसऱ्या बाजीरावाला पुढें कर्ज काढावें लागलें नाहीं. उलट त्यानें खासगींत मोठा खजिना जमविला, असें रानडे लिहितात. नुसती तूटच दोषाचें माप मानली, तर पहिला बाजीराव नालायक आणि दुसरा बाजीराव आदर्श, असा विपरीत निकाल लागेल! हा खजिना जमला कसा, हें एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या वृत्तांतांत सांपडतें. मामलती दरबारांत लिलावानें मक्त्यास दिल्या जात. जास्त बोली बोलणाऱ्यास मामलत मिळे. तो पोटमक्तेदारांस देई, ते आणखी खालच्यांस, आणि शेवटीं मक्ता पाटलाच्या दारीं येई. पाटलानें घेतला तर त्याला आपल्याच गांवकऱ्यांना पिळावें लागे; नाकारला तर परका येऊन दुप्पट पिळी. शेतांत पीक किती आलें, हें कोणी विचारीत नसे. बोली किती झाली, एवढेंच पाहत. दरकदारांची जुनी चौकशी लयास गेली. जमाखर्च जुळला, शिल्लक दिसूं लागली, आणि त्या शिलकेखालीं रयत चिरडली गेली. १८१८ मध्यें राज्य बुडालें, तेव्हां खजिना होता. राज्यासाठीं उठणारा गांव मात्र क्वचितच उरला होता. वर्षाला ८ लक्षांची नेमणूक घेऊन पेशवा ब्रह्मावर्तास गेला.

तेव्हां दोष कोणाचा? राजाराम महाराजांच्या काळच्या कारभाऱ्यांनीं प्राणसंकटांत सरंजाम दिले. त्यांना दोष देणें अन्यायाचें होईल. पण ज्यांनीं सुखाच्या काळांत तेच चालू ठेवले, त्यांना तो टळत नाहीं. बाळाजी विश्वनाथाच्या वांटणीनें सरदार एकत्र आले, पण येणार नाहीं तो पैसा जमेस धरण्याची संवय तेथूनच लागली. पहिला बाजीराव आणि नानासाहेब यांचा दोष उधळेपणाचा कमी आणि भरंवशाचा अधिक; पुढची स्वारी मागचें देणें फेडील, या भरंवशावर त्यांनीं दोन पिढ्या काढल्या. राघोबादादा बेफिकीर होता, पण त्या भरंवशाचा तो जनक नव्हे. दक्षिणेचा आणि दानधर्माचा खर्च डोळ्यांत भरतो, कारण तो वर्षांतून एकदां सर्वांसमक्ष होई. फौजेचा खर्च दर महिन्यास होई आणि कोणाच्या डोळ्यांवर येत नसे. सरदारांनीं हिशेब दिले नाहींत, हा त्यांचा अपराध. पण हिशेब मागण्याचें बळ मध्यवर्ती सत्तेनें स्वतःच त्यांच्या हवालीं केलें होतें. दुसऱ्या बाजीरावाचा दोष सर्वांत मोठा, आणि तो कर्जाचा मुळींच नव्हे. त्यानें तूट खजिन्यांतून काढून कुणब्याच्या घरांत नेऊन ठेवली.

या साऱ्या वादांत ज्याचें नांव क्वचितच येतें, तो हा कुणबी होय. फुगलेली आकारणी त्याच्याच शेतावर, चार कमावीसदार त्याच्याच दारीं, सावकाराचें व्याज शेवटीं त्याच्याच धान्यांतून, आणि मक्त्याची चढती बोलीही त्याच्याच अंगावर. राज्य चालविणाऱ्यांनीं एकमेकांकडे बाकी दाखवावी, आणि ती बाकी कोठल्याही दप्तरांत नांव नसलेल्या माणसानें फेडावी, असें त्या शंभर वर्षांत होत राहिलें. माधवरावाची थोरवी हीच, कीं त्यानें वेठ बंद करतांना या माणसाकडे पाहिलें, आणि मरतांना देणें आपलें म्हणून मान्य केलें. त्याच्यानंतर तें देणें आपलें म्हणणारा पुरुष त्या मसनदीवर बसला नाहीं.